सिंदेवाही ते दिल्ली : उड्डाण पावणेदोन तासांचे, माल किती तासांचा?

नागपूरहून दिल्लीला विमान दोन तासांच्या आत पोचते, मग पहाटे काढलेली ताजी धिंगरी अळिंबी त्याच दिवशी दिल्लीच्या बाजारात का विकता येऊ नये? हा प्रश्न अळिंबी उत्पादक गटांकडून नेहमी येतो. विमानाने माल पाठवायचा विचार असेल, तर आधी पुढील हिशेब करा.

अंतर आणि उड्डाणाची वेळ

नागपूर–दिल्ली रेल्वेमार्गाने सुमारे 1,090 किमी, तर सरळ हवाई अंतर सुमारे 850 किमी आहे. विमान उंचीवर ताशी 800 किमीच्या आसपास जाते. पण धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे आणि उतरणे यात वेळ जातो. त्यामुळे वेळापत्रकात साधारण पावणेदोन तास दिसतात. हा जादा वेळ जवळच्या आणि लांबच्या उड्डाणात जवळपास सारखाच असतो. म्हणूनच शारजा नागपूरहून सुमारे 2,450 किमी, म्हणजे दिल्लीच्या जवळजवळ तिप्पट लांब असूनही तिथे जायला चार तासांच्या आसपास लागतात.

मालाचे घड्याळ तोडणीपासून धरा

थेट उड्डाण त्याच दिवशी मिळाले, असे धरून हा नमुना हिशेब :

- तोडणी, निवड, पॅकिंग : 2 तास
- सिंदेवाही ते नागपूर विमानतळ, रस्त्याने : 3 तास
- कार्गोत माल देणे, तपासणी, प्रतीक्षा : 3 तास
- उड्डाण : पावणेदोन तास
- दिल्लीत माल उतरवून ताब्यात घेणे : दीड तास
- शहरातील वाहतूक : दीड तास

एकूण पावणेतेरा तास. पहाटे पाचला काम सुरू केले, तर माल संध्याकाळी पावणेसहाला पोचतो. तोवर पहाटेचे सौदे आटोपलेले असतात. ग्राहक आधी ठरलेला नसेल, तर मालाला आणखी एक रात्र काढावी लागते.

गारवा टिकवा

साध्या तापमानात ताजी धिंगरी एखाद्या दिवसातच मऊ पडू लागते. शीतगृहात ती काही दिवस टिकते. उन्हाळ्यात चंद्रपूरकडे पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा खरे नुकसान आकाशात नव्हे, तर रस्त्यावर आणि प्रतीक्षेत होते. माल तोडताच सावलीत घ्या, पॅकिंगपूर्वी थंड करा, रात्रीचा किंवा पहाटेचा प्रवास निवडा.

भाडे फक्त वजनावर नसते

हलक्या मालाचे भाडे बहुधा आकारमानावरून ठरते. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन गुणाकार करा आणि 6,000 ने भागा. 60 × 40 × 30 सेंमीच्या खोक्याचे वजन 12 किलो धरले जाते. आत 6 किलो अळिंबी असेल, तरी भाडे 12 किलोचे पडते. भागायचा आकडा कंपनीनुसार बदलू शकतो, बुकिंगआधी विचारा.

निर्णय कसा घ्यावा?

- धान, तांदूळ, वाळवलेली अळिंबी टिकाऊ आहे. तिला रेल्वे किंवा ट्रक पुरेसा.
- ताजी अळिंबी आधी ब्रह्मपुरी, चंद्रपूर, नागपूर येथे विका. उरलेली वाळवा, दहा किलो ताज्या मालातून साधारण एक किलो सुकी मिळते.
- दिल्लीचा ग्राहक आणि दर पक्का असेल, तरच विमान. तेही आधी एकच खोके पाठवून पाहा. निघतानाचे व पोचल्यावरचे वजन, लागलेले तास आणि हाती आलेला दर लिहून ठेवा.

अळिंबीची साठवण आणि वाळवणी याबाबत सिंदेवाही येथील कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.