फळाच्या पाठीवरील फळे

आंबा, चिकू, सीताफळ, पेरू यांपैकी कोणतेही फळ कापून पाहिले, तर बी आत गराच्या आश्रयाला असलेले दिसते. बीजाचे रक्षण करणे हा फळाचा धर्मच होय. मग महाबळेश्वरच्या बाजारात येणाऱ्या स्ट्रॉबेरीने आपल्या बिया उघड्यावर, थेट पाठीवर का बरे मांडाव्यात?

याचे उत्तर मोठे मौजेचे आहे. ज्यांना आपण बिया समजतो, त्या बिया नव्हेतच. तो प्रत्येक पिवळसर ठिपका म्हणजे एक स्वतंत्र, पूर्ण वाढलेले कोरडे फळ असून खरी बी त्याच्याही आत असते. आणि जो लाल, रसाळ भाग आपण आवडीने खातो, ते आहे फुलाचे फुगलेले आसन. कोकणातील मुलांना याचे फारसे नवल वाटणार नाही. काजूचे बोंड म्हणजे फुगलेला देठ, आणि त्याच्या टोकाला लोंबणारी बी हेच काजूचे खरे फळ, हे त्यांनी पाहिलेले असते. अशा फळांना आभासी फळे म्हणतात. इंग्रजी नावात ‘बेरी’ असली, तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने स्ट्रॉबेरी ही बेरी, म्हणजे मृदुफळ, नव्हे. टोमॅटो, द्राक्ष आणि आपले वांगे ही मात्र मृदुफळे होत! बाजार आणि शास्त्र यांचे नावांच्या बाबतीत क्वचितच पटते.

स्ट्रॉबेरी ही गुलाबाच्या कुलातील वनस्पती. तिच्या फुलाला बहुधा पाच पांढऱ्या पाकळ्या असतात. मधोमध शंकूसारखे पिवळे पुष्पासन असून त्यावर शेकडो सूक्ष्म स्त्रीकेसर दाटीने बसलेले असतात. त्यांपैकी ज्याला परागकण मिळतो, त्याचेच बीज धरते; आणि बीज धरले, की त्याच्या भोवतालचा गर फुगू लागतो. हा संबंध निट्श नावाच्या शास्त्रज्ञाने १९५० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून स्पष्ट केला. त्याने कोवळ्या स्ट्रॉबेरीवरील सर्व ठिपके टोचून काढले, तेव्हा गराची वाढ थांबली. काही थोडेच ठिपके ठेवले, तेव्हा तेवढ्याच जागी गर फुगला. पुढे ठिपके काढलेल्या फळाला ऑक्सिन हे वाढीस चालना देणारे द्रव्य लावताच ते पुन्हा वाढू लागले. याचाच अर्थ, गराला वाढण्याची आज्ञा त्या चिमुकल्या फळांकडून मिळत असते. एखादी स्ट्रॉबेरी वाकडीतिकडी दिसली, तर बहुधा त्या बाजूला मधमाशी पुरेशी फिरकली नसावी, असे समजावे.

परागाविना ही वनस्पती किती हतबल असते, याचा अनुभव फ्रान्समधील बागवानांनी पूर्वीच घेतला होता. फ्रेझिए नावाचा एक फ्रेंच लष्करी अभियंता दक्षिण अमेरिकेतील तटबंद्या पाहण्याच्या कामगिरीवर गेला असता, चिली देशात त्याला अक्रोडाएवढ्या स्ट्रॉबेरी आढळल्या. तेथील मूळ रहिवासी त्यांची लागवड करीत असत. १७१४ मध्ये तो काही रोपे घेऊन परतला. जहाजावर गोड्या पाण्याचा तुटवडा. तरीही कित्येक महिन्यांच्या त्या प्रवासात पाच रोपे जगली. फ्रान्समध्ये ती फोफावली, फुललीही; पण फळ धरीना. त्याने आणलेली रोपे केवळ मादी फुलांची होती, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानी आले नाही. पुढे उत्तर अमेरिकेतील लहान फळांची, पण परागाने समृद्ध अशी दुसरी जात त्यांच्या शेजारी लागली आणि मोठी, सुगंधी फळे येऊ लागली. या दोहोंच्या संकरातून नवी जात जन्मली आहे, हे १७६६ साली द्युशेन या तरुणाने आपल्या ग्रंथात दाखवून दिले. त्या वेळी त्याने वयाची विशीही ओलांडली नव्हती. आज जगभर लावली जाणारी स्ट्रॉबेरी या संकराचीच वंशज होय.

या वनस्पतीला वंश वाढविण्याचे दोन मार्ग ठाऊक आहेत. दिवस मोठे आणि हवा उबदार असली, की ती बारीक धावती खोडे जमिनीवर सोडते. त्यांच्या पेरांवर मुळे फुटून नवी रोपे तयार होतात आणि ती हुबेहूब आईसारखी निपजतात. उलट, दिवस लहान होऊन गारवा आला, की तिच्या आखूड खोडाच्या शेंड्यात कळ्या आकार घेऊ लागतात. रोपाची शक्ती धावत्या खोडांत गेली, तर फळांना ती कमी पडते. म्हणून फळांच्या हंगामात शेतकरी अशी खोडे खुडून टाकतो.

समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवरील महाबळेश्वर आणि शेजारचे पाचगणी येथील शेतकऱ्यांनी आपले वेळापत्रक या स्वभावाला जुळवून घेतले आहे. पावसाळ्यात वाईसारख्या खालच्या भागातील रोपवाटिकांत मातृरोपांपासून नवी रोपे तयार होतात. मातृरोपे बव्हंशी परदेशांतून आणावी लागतात. कारण त्याच त्या रोपांपासून वर्षानुवर्षे वाढ केल्यास विषाणूंचे रोग पिढीजात उतरत जातात. पाऊस ओसरताच सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तांबड्या मातीच्या गादीवाफ्यांवर लागवड होते. फळ मातीला टेकून कुजू नये, म्हणून वाफ्यांवर प्लॅस्टिकचे आच्छादन अंथरतात. फूल उमलल्यापासून साधारण महिन्याभरात फळ पिकते. घोसातील पहिल्या फुलाचे फळ सर्वांत मोठे. पुढची उत्तरोत्तर लहान.

काढणीत मात्र दिरंगाई चालत नाही. आंब्याप्रमाणे ही फळे अढीत घालून पिकविता येत नाहीत. खुडल्यानंतर रंग गडद झाला, तरी गोडी वाढत नाही. म्हणून पूर्ण रंग येईपर्यंत फळ रोपावर ठेवावे लागते, आणि तसे ठेवलेले फळ इतके नाजूक असते, की बोटाचा दाबही त्याला सोसत नाही. यासाठीच मजूर पहाटेच्या गारव्यात वाफ्यांमधून वाकून, फळाला शक्यतो हात न लावता, देठासह एकेक फळ खुडतात. आणि सकाळीच भरलेल्या पेट्या घाट उतरून पुण्या-मुंबईच्या वाटेला लागतात.