दोन ग्रहणांमधली आई

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. त्याआधीच मोबाइलवर संदेश फिरले: गरोदर बाईनं विळीला हात लावू नये, भाजी चिरू नये, नाहीतर बाळाचा ओठ चिरतो. दुभंगलेल्या ओठाचं बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या आईनंही ते वाचले असतील. ते वाचून तिला काय वाटेल, याचा विचार पुढे पाठवणाऱ्यांनी केला नाही.

गर्भाचा ओठ साधारण सातव्या आठवड्यापर्यंत जुळतो, टाळू त्यानंतर काही आठवड्यांत. पाचव्या महिन्यात धरलेली विळी ओठ कसा चिरणार? तरी आळ आईवरच येतो.

मागची वर्षं शस्त्रक्रियेची होती. मूळचे पंढरपूरचे डॉ. शरदकुमार दीक्षित १९६८ पासून अमेरिकेतून येऊन मोफत शिबिरं घेत. २००० मध्ये ‘स्माइल ट्रेन’ ही अशा शस्त्रक्रियांना मदत करणारी संस्था भारतात आली.

मन अडकतं ते २००९ पाशी. फेब्रुवारीत ‘स्माइल पिंकी’ या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. मिर्झापूर भागातली दुभंगलेल्या ओठाची पिंकी आणि तिच्यावर शस्त्रक्रिया करणारे वाराणसीचे डॉ. सुबोध कुमार सिंह जगाला कळले. २२ जुलैला, आपल्याकडच्या दिव्यांच्या अवसेला, खग्रास सूर्यग्रहण झालं. सावलीचा पट्टा त्याच वाराणसीवरून गेला. आता तरी ग्रहण आणि ओठ यांची फारकत होईल, असं तेव्हा वाटलं होतं.

६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. तपासणीच्या यादीत दुभंगलेला ओठ आणि टाळूही आली. अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. आईशी बोलायला वेगळं माणूस नाही. ही उणीव तेव्हाच खटकायला हवी होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि गावोगाव जाऊन ग्रहणाची भीती घालवणारा मोठा आवाज थांबला.

रायगडातल्या वडखळ नाक्यावरून एक रस्ता अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाकडे फुटतो, दुसरा पेणवरून पनवेल-मुंबईकडे. शस्त्रक्रियेची वाट अशी सापडते. पण ओठाची शस्त्रक्रिया होते तिसऱ्या महिन्याच्या सुमारास. तोवर बाळाला नीट ओढता येत नाही, टाळूही दुभंगलेली असेल तर दूध नाकातून येतं. आई त्याला उभं धरून बोंडल्यानं थेंब थेंब पाजते. बघायला येणारी प्रत्येक बाई विचारते, ‘ग्रहण पाळलं नव्हतंस का गं?’ बाप मात्र या चौकशीतून सुटतो.

२६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात कलबुर्गीजवळच्या ताजसुलतानपुरात अपंग मुलांना मानेपर्यंत मातीत पुरल्याच्या बातम्या आल्या. मुलं बरी होतील या आशेनं ती पुरली होती त्यांच्याच आईबापांनी. त्यांना क्रूर म्हणणं सोपं आहे. पण त्याआधी त्यांच्याजवळ बसून कोण बोललं होतं?

बाळंतिणीकडे आशाताई तिसऱ्या दिवशी येते, मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या. बाळाचं वजन घेते, ताप बघते. ‘यात तुझी काही चूक नाही’ हे वाक्य तिच्या कामाच्या यादीत पहिल्याच भेटीला लिहिलेलं हवं, आणि ते सासूच्या देखत बोललेलं हवं.