बडोद्यात घेतलेली सायकल बिघडली, तर दाद कुठे मागायची?

बडोदा : सुट्टीत मामाकडे गेलेला भाचा परत येताना नवी सायकल घेऊन येतो, हे नवापूर-नंदुरबार पट्ट्यात काही नवं नाही. सुरत आणि बडोद्यात कामधंद्यानिमित्त स्थिरावलेली खानदेशी घरं पुष्कळ. गावापेक्षा तिथे व्हरायटी जास्त मिळते, भावही थोडा तुटतो, म्हणून खरेदी तिकडेच होते. सायकल गाडीत चढते, गावी पोचते, गल्लीत मिरवते. आणि महिन्याभरात डावं पायडल निखळून पोराच्या पायाखालून जातं.

दुकानात फोन केला की पलीकडून शांतपणे उत्तर येतं, ‘वांधो नहीं, आवो त्यारे लेता आवजो.’ म्हणजे याल तेव्हा घेऊन या. बोलणं गोड आहे, नकारही नाही. पण नवापूरहून सुरतमार्गे बडोदा रेल्वेने दोनशे किलोमीटरहून जास्त. एका पायडलसाठी कोण जाणार? बहुतेक लोक गावातल्याच मिस्त्रीकडून वेल्डिंग मारून घेतात आणि विषय संपवतात. तो तिथे संपायची गरज नसते, हे अनेकांना ठाऊक नसतं.

खंडेराव मार्केटचा परिसर अशा खरेदीचा नेहमीचा पत्ता. मराठी माणसाला ही जागा परकी वाटत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव १८७५ मध्ये दत्तक जाऊन सयाजीराव महाराज झाले. त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले १८८१ मध्ये, आणि त्या कारभाराला २५ वर्षं झाली तेव्हा, १९०६ साली, त्यांनी ही भव्य इमारत बांधून तिला दत्तक पिता खंडेराव महाराजांचं नाव दिलं. आज तिथे वडोदरा महानगरपालिकेचं मुख्य कार्यालय आहे, आणि आजूबाजूला भाजी, फुलं नि किरकोळ मालाची वर्दळ. गिऱ्हाइकाशी दुकानदार गुजरातीत बोलतो, गिऱ्हाईक मराठीत उत्तर देतं, आणि सौदा होतो. गडबड भाषेची नसतेच, ती कागदाची असते.

सायकल अर्धी कारखान्यात, अर्धी दुकानात

ग्राहकांच्या तक्रारी ऐकल्या तर सूर साधारण एकच. ‘कंपनी चांगली म्हणून घेतली, तरी ब्रेक लागत नाही.’ ‘चाक आऊट झालं.’ ‘हँडलमधून खटखट आवाज येतो.’ यात कंपनीचा दोष दरवेळी असतोच असं नाही. सायकल कारखान्यातून पूर्ण जोडून येत नाही. ती खोक्यात येते: फ्रेम वेगळी, हँडल फिरवून बांधलेलं, पुढचं चाक सुटं, पायडल पिशवीत. ती उभी करतो दुकानातला फिटर. ब्रेकची वायर किती ताणायची, चिमट्याच्या वाटीत छर्रे किती सैल-घट्ट ठेवायचे, स्पोक आवळून चाकाची आऊट कशी काढायची, हे सगळं त्याच्या हातात. म्हणजे गिऱ्हाईक पैसे मोजतं तेव्हा निम्मा माल कंपनीचा असतो आणि निम्मी त्या फिटरची कारागिरी.

डाव्या पायडलचंच घ्या. उजव्या पायडलचे आटे नेहमीसारखे, उजवीकडे फिरवलं की घट्ट होणारे. डाव्याचे उलटे असतात. डावं पायडल डावीकडे फिरवून घट्ट करावं लागतं, नाहीतर चालवता चालवता ते आपोआप सुटेल. पायडलवर त्यासाठी एल आणि आर ही अक्षरं कोरलेली असतात. घाईत कोणी उलटसुलट बसवलं किंवा तिरकं घुसवून पान्ह्याने जोर लावला, तर क्रँकचे आटे कापले जातात. क्रँक लोखंडाचा असेल तर काही दिवस धकतं, ॲल्युमिनियमचा असेल तर लवकर सुटतं. पहिले पंधरा दिवस काहीच जाणवत नाही, मग पायडल किंचित डुलायला लागतं. त्या वेळी लक्ष दिलं तर निभावतं. नंतर पायडल नवं घालूनही उपयोग नाही, क्रँकच बदलावा लागतो.

आता परगावच्या गिऱ्हाइकाची अडचण बघा. दुकानात सायकल जोडली, आणि गाडीत घालायची म्हणून तिथेच पायडल काढलं, हँडल फिरवलं. गावी आल्यावर ते परत कोणी बसवलं? घरातल्याच कोणी, किंवा नाक्यावरच्या पंक्चरवाल्याने. मग दुकानदार म्हणतो, ‘तुम्ही खोललीत, आमची जबाबदारी संपली.’ यात त्याचं अगदीच चुकत नाही. पण पायडल काढून देताना डावं-उजवं सांगणं, खोक्यातलं माहितीपत्रक गिऱ्हाइकाच्या हातात ठेवणं, हे त्याचं काम होतं. ते माहितीपत्रक बऱ्याचदा खोक्याबरोबर रद्दीत जातं.

दुसरं म्हणजे पहिली सर्व्हिस. नव्या सायकलची ब्रेक-वायर पहिल्या काही आठवड्यांत ताणली जाते, स्पोक आपापल्या जागी बसतात आणि सैल पडतात. हा बिघाड नव्हे, ती नव्या सायकलची रीतच. म्हणून महिन्याभराने एकदा सगळं आवळून घ्यायचं असतं, आणि बहुतेक दुकानं ती सर्व्हिस फ्री देतात. जवळचं गिऱ्हाईक ती घेतं. लांबचं घेत नाही, आणि मग त्याच सैल ब्रेकवर पोरगं उतारावरून शाळेला जातं.

दुकानदाराची बाजूही आहे. ट्यूब विकत घेतली की बसवण्याची मजुरी द्यायला लोक कां-कूं करतात. ऑनलाइन मागवलेली सायकल जोडून द्या म्हणतात आणि वर भावाची घासाघीस करतात. शिकलेला फिटर टिकत नाही, कारण त्याच कसबावर मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये जास्त पगार मिळतो. फ्री सर्व्हिस म्हटली की दुकानदाराच्या दृष्टीने ती उधारी, जी गिऱ्हाईक वसूल करायला आलं नाही तर बरंच. हिशेबाच्या वहीत हे कुठे दिसत नाही, पण धंद्याचं गणित हेच आहे.

कच्चं बिल, पक्कं बिल

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते कागदावाचून. ‘कच्चा बिलमां आटला, पाका बिलमां आटला’ असे दोन भाव सांगितले की माणूस स्वस्तातला निवडतो. वास्तविक २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. आठ हजारांच्या सायकलवर कर होतो चारशे रुपये. या चारशेसाठी पुरावा सोडून द्यायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

इथे एक बारकावा. बिलावर जीएसटी दिसत नाही म्हणजे बिल खोटंच, असं नाही. वर्षाला ४० लाखांपेक्षा कमी माल विकणाऱ्या छोट्या दुकानाला साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. कंपोझिशन योजनेतल्या दुकानाला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही, ते ‘बिल ऑफ सप्लाय’ देतं. ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच, की छापील नाव-पत्ता, तारीख, रक्कम आणि सही असावी. सायकलचा फ्रेम नंबरही त्यावर लिहून घ्यावा. तो बहुधा पायडलच्या एक्सलखाली, फ्रेमच्या तळाशी कोरलेला असतो. सायकल उलटी केली की दिसतो. नंबर नसेल तर ‘ही आमच्याकडची सायकलच नाही’ म्हणायला दुकान मोकळं.

महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून ज्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात, त्यांच्या पालकांना या पावतीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. कारण तिथे खरेदीची पावती दाखवावीच लागते.

कायदा काय म्हणतो

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ जुलै २०२० पासून लागू आहे. बिल किंवा पावती न देणं ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे बिलावरचं वाक्य तर सगळ्यांच्या पाहण्यातलं. पण माल सदोष असेल तर त्या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. बिलावर परतीची मुदत दिलेली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घ्यायला नकार देणं, हीही अनुचित प्रथाच.

फिटिंगबद्दल कायदा आणखी स्पष्ट बोलतो. वस्तू दुकानदाराने बनवलेली नसली, तरी ती जोडण्यात, तपासण्यात किंवा देखभालीत त्याने पुरेशी काळजी घेतली नाही आणि त्यामुळे कोणाला इजा झाली, तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. उत्पादकाच्या सूचना आणि इशारे गिऱ्हाइकापर्यंत न पोचवणंही त्यातच येतं. ‘कंपनीशी बोला’ एवढ्यावर सुटका नाही. तक्रारीत दुकानदार आणि कंपनी दोघांनाही समोर ठेवता येतं.

मामाने घेतली, भाचा चालवतो, मग ग्राहक कोण? विकत घेणारा तर ग्राहक आहेच, त्याच्या संमतीने वापरणाराही ग्राहकच. वापरणारा अज्ञान असेल तर आई-वडिलांना तक्रार करता येते. पेपर टाकणारा किंवा दूध घालणारा, जो पोटासाठी स्वतःच सायकल चालवतो, तोही यात बसतो. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा मात्र बसत नाही.

सीमाभागातल्या वाचकाच्या कामाची खरी गोष्ट पुढे आहे. १९८६ च्या जुन्या कायद्यात दुकान जिथे, किंवा व्यवहार जिथे झाला, तिथेच तक्रार करावी लागे. नव्या कायद्यात तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगातही ती करता येते. म्हणजे खंडेराव मार्केटजवळ घेतलेल्या सायकलची तक्रार नवापूरच्या माणसाला नंदुरबारच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. हैदराबादेत खरेदी केलेल्या बिदरकराला ती बिदरला, इंदुरात खरेदी केलेल्या बऱ्हाणपूरकराला ती आपल्या जिल्ह्यात. राज्याची हद्द आडवी येत नाही.

५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. वकील लावायची सक्ती नाही. तक्रार ऑनलाइन भरता येते, आणि अर्ज केला तर सुनावणी व्हिडिओवर घेण्याची सोय कायद्यात आहे. मुदत मात्र लक्षात ठेवावी : तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. निकाल ३ महिन्यांत, आणि माल प्रयोगशाळेत तपासावा लागला तर ५ महिन्यांत व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे कोणीही सांगेल. तपासणीचा खर्चही आधी तक्रारदाराला भरावा लागतो. त्यामुळे दोनशे रुपयांच्या पायडलसाठी कोणी आयोगात जाऊ नये. पण चिमटा मोडून पोराचा हात फ्रॅक्चर झाला असेल, तर ‘जाऊ दे, नशीब’ म्हणण्याचंही कारण नाही.

मधला मार्ग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा. तिथे मराठीत बोलता येतं, आणि पुष्कळ प्रकरणं कंपनीला निरोप गेल्यावरच मिटतात. फोन करण्याआधी दुकानदाराला लेखी कळवलेलं असावं. व्हॉट्सॲपवर मोडलेल्या भागाचा फोटो, बिलाचा फोटो आणि दोन ओळी पुरतात, मराठीत लिहिल्या तरी चालतं. महत्त्वाचं हे की पायडल निखळल्यावर ते आधी वेल्डिंगला नेऊ नये. वेल्डिंग झालं की आटे कारखान्यात बिघडले, दुकानात की गावात, हे कोणालाच सांगता येत नाही. आणि दुकानदाराने भाग बदलून दिलाच, तर त्याच बिलाच्या पाठीमागे तारीख घालून तेवढं लिहून घ्यावं.