पऱ्हाटीचा हिशेब

कापसाची शेवटची वेचणी उरकली की विदर्भातल्या सेलू तालुक्यातल्या वावरांत पऱ्हाटी उभी राहते. पीक लांबवून फरदड घेतली तर गुलाबी बोंडअळीचं फावतं, म्हणून पऱ्हाटी वेळेत उपटावीच लागते. थोडी चुलीत जाते, बरीचशी धुऱ्यावर पेटते. खरं तर तिचे घटक लाकडाचेच: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि साधारण पाव भाग लिग्निन. ‘सिरकॉट’ या कापूस तंत्रज्ञान संस्थेने तिच्यापासून पार्टिकल बोर्ड तयार करून दाखवलाच आहे.

बी.एस्सी.च्या प्रकल्पाला याहून चांगला कच्चा माल कुठला? अडचण वेगळीच आहे. पानांचा काढा वापरला की प्रकल्प ‘हरित’ ठरतो, अशी एक समजूत रुजली आहे. पॉल अनास्टास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ साली मांडलेल्या हरित रसायनशास्त्राच्या बारा तत्त्वांतलं पहिलं तत्त्व मात्र कचऱ्याबद्दल आहे: तो झाल्यावर निस्तरण्यापेक्षा होऊच देऊ नका. रॉजर शेल्डन यांनी कचऱ्याला मापही आधीच दिलं होतं, ई-फॅक्टर. एक किलो मालामागे किती किलो कचरा निघाला, एवढाच हिशेब.

तो पऱ्हाटीला लावून पाहू. दहा ग्रॅम भुकटी २०० मिलिलिटर पाण्यात, दहा ग्रॅम कॉस्टिक सोडा घालून उकळली. पाणी कोऱ्या चहासारखं गडद झालं. तो रंग मुख्यतः विरघळलेल्या लिग्निनचा. धुऊन, वाळवून समजा तीन ग्रॅम लगदा हाती आला. म्हणजे सात ग्रॅम पऱ्हाटी आणि दहा ग्रॅम सोडा वाया. ई-फॅक्टर साडेपाचच्या वर. शेल्डन यांच्या मूळ हिशेबात पाणी नाही. पण धुण्याचं अर्धा लिटर धरून सगळं पाणी मोजलं, तर आकडा दोनशेच्या पार जातो. विदर्भात ते मोजायलाच हवं. मग लगद्याचा पिवळेपणा घालवायला क्लोरीनऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरलं, एवढ्यावर पाठ थोपटून घेता येत नाही.

खरा प्रयोग त्या काळ्या पाण्यापासून सुरू होतो. त्यात आम्ल टाकलं की लिग्निनचा तपकिरी साका बसतो. बोर्डाच्या नेहमीच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड सुटतं; त्या डिंकाचा काही भाग या लिग्निनने भागतो का, हे तपासण्यासारखं आहे. उरलेल्या पाण्यातलं सोडियम काळ्या मातीला मारक. ती चोपण होते. कॉस्टिक सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅश घेतलं, तर पाण्यात पालाश उरतं आणि पिकाला ते हवंच असतं. मात्र तेवढ्याच कामाला ते वजनाने १.४ पट लागतं, शिवाय महाग. प्रकल्पाच्या वहीत तोही रकाना हवा.