घोरणारं पोरगं गाढ झोपलेलं नसतं

‘दमून आलाय, घोरतोय, झोपू दे त्याला,’ असं आपल्याकडं आई सहज म्हणते. तालमीत तर शेजारचा पैलवान उशी फेकून मारतो आणि कूस बदलतो. पण नीट कान द्या. घोरणं मध्येच थांबतं, छाती-पोट हलत असतं तरी नाकातून वारं येत नाही, मग दचकून मोठा श्वास आणि पुन्हा घोरणं. हाच ‘स्लीप ॲप्निया’. याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. डॉक्टरांना वर्णनापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. टॉन्सिल मोठे असतील, जबडा मागं असेल किंवा गळ्याभोवती चरबी असेल, तर श्वासाची वाट मिटते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू पोराला क्षणभर जागं करतो. पोराला हे आठवतही नाही. सकाळी डोकं ठणकतं, वर्गात डुलक्या लागतात, आणि घरचे त्यालाच आळशी ठरवतात.

निदानासाठी रात्रभर तारा लावून झोपेची तपासणी करतात. तासाला सरासरी किती वेळा श्वास अडतो, हे त्यात मोजतात. मोठ्या माणसात 5 पर्यंतचा आकडा चालतो. मुलांत तो 1 च्या वर गेला तरी लक्ष घालतात आणि 10 च्या वर आजार तीव्र समजतात.

टॉन्सिल, ॲडिनॉइड (नाकामागच्या गाठी) मोठे असतील तर ते काढणं हा पहिला उपाय. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात गेलात तर कान-नाक-घसा विभाग गाठा. मात्र वयात येताना ॲडिनॉइड बहुधा आपोआप आक्रसतात, म्हणून या वयात वजनाचा वाटा मोठा. जाड मुलात ऑपरेशननंतरही त्रास उरू शकतो. काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते.

मग येतो सीपॅप. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली तो मांडला. हे ऑक्सिजनचं मशीन नव्हे. खोलीतलीच हवा ते दाबानं मास्कमधून सोडतं आणि त्या दाबानं घसा उघडा राहतो, इतकंच. खरी अडचण लाजेची: हॉस्टेलवर मित्रांसमोर मास्क कोण लावणार? दिवसा टीव्ही बघताना थोडा वेळ लावून सवय करता येते. पोरगं वाढतं, चेहरा बदलतो, तसा मास्कही बदलावा लागतो.