आठवडाभराच्या भिंती

संग्रहालयाच्या भिंती एकदा भरल्या की वर्षानुवर्षं तशाच राहतात. मुंबईत काळ्या घोड्याजवळच्या जहांगीर आर्ट गॅलरीतल्या भिंती दर आठवड्याला रिकाम्या होतात. मंगळवारी लागलेलं प्रदर्शन पुढच्या सोमवारी उतरतं आणि लगेच नवा चित्रकार आपली चित्रं घेऊन हजर होतो. गॅलरी जागा देते. चित्रं, भाडं, छापील आमंत्रणं आणि धाकधूक चित्रकाराची. 'जहांगीरला डेट मिळाली' हे वाक्य चित्रकारांच्या घरात लग्न ठरल्यासारखं सांगतात, कारण त्या तारखेसाठी काही वर्षं थांबावं लागतं.

ही वास्तू १९५२ सालची. चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांच्या आग्रहावरून सर कावसजी जहांगीर यांनी तिच्यासाठी देणगी दिली. नाव दिवंगत मुलाचं. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८पासून प्रदर्शनं भरवत होती, चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप १९४७ सालीच स्थापन झाला होता. चित्रकार होते, पण त्यांच्या हक्काची मोठी जागा नव्हती. दुर्गा बाजपेयी यांनी आखलेलं दारावरचं काँक्रीटचं छप्पर आजही शेजारच्या दगडी इमारतींपुढे तरुण दिसतं.

प्रवेश फुकट आहे, आणि माझ्या मते हीच या जागेची खरी श्रीमंती. कोर्टातून सुटलेले वकील, कॉलेजची पोरं, पावसात आडोसा शोधणारे, सगळे आत शिरतात. चित्रकार स्वतः कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेला असतो. त्याला बिनधास्त विचारा: हा रंग कसा लावलात? किंमतही विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. चित्राखाली लाल टिकली दिसली तर ते विकलं गेलंय. उद्घाटनाच्या संध्याकाळी मात्र जाऊ नये. तेव्हा माणसंच दिसतात, चित्रं नाही. बुधवार-गुरुवारची दुपार सर्वांत चांगली.

एकाच आठवड्यात शेजारशेजारच्या दालनांत वारली रेषा, गणपतींची रांग आणि कुणाचं तरी गंभीर अमूर्त काम असू शकतं. सगळंच चांगलं नसतं. पुष्कळसं नसतंच, खरं तर. पण निवडून, चाळून ठेवलेलं पाहायचं तर संग्रहालयं आहेत. इथे आज काय रंगवलं जातंय ते कच्चं दिसतं.

पहिल्या मजल्यावर १९६३पासून केकू आणि खोर्शेद गांधी यांची केमोल्ड गॅलरी होती. २००७ साली ती हलली. खाली उषा खन्नांचं समोवार हे कॅफे, अरुंद, लांबट, शेजारच्या संग्रहालयाच्या बागेकडे तोंड केलेलं. १९६४ ते २०१५ तिथे कमी पैशांत तासन्‌तास बसता येई. ते बंद झाल्यावर चित्रांवरची भांडणं कुठे होतात, देव जाणे.

बाहेर फुटपाथवरही चित्रं मांडलेली असतात. तिथेही थांबावं. आतली डेट न मिळालेल्यांपैकी एखाद्याचा हात आतल्यापेक्षा पक्का निघतो, आणि भाव तर निम्म्याहून कमी.