परत येताना इअरफोन खिशात

आजचा एपिसोड छोटा आहे, आणि त्यात मी तुम्हाला मलाच बंद करायला सांगणार आहे.

तुमच्यातले बरेच जण हा पॉडकास्ट चालताना ऐकतात. छानच आहे. पण कानात सतत कुणी बोलत असेल, तर स्वतःचा विचार पूर्ण व्हायला जागा कुठे उरते?

२०१४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मारिली ओपेझो आणि डॅनिएल श्वार्ट्झ यांचे काही प्रयोग प्रसिद्ध झाले. लोकांना साध्यासुध्या वस्तूंचे वेगळे उपयोग सुचवायला सांगितले, कधी बसून, कधी चालत. चालताना नव्या कल्पना सरासरी ६० टक्के जास्त सुचल्या. गंमत म्हणजे, कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालूनही फरक पडला. म्हणजे वेताळ टेकडीच हवी असं नाही, सोसायटीच्या पार्किंगमधल्या फेऱ्याही चालतील.

पण ज्या कोड्याला एकच बरोबर उत्तर असतं, त्यात चालणारे किंचित मागे पडले. हा भाग फारसं कुणी सांगत नाही, आणि मला तोच जास्त कामाचा वाटतो. चालताना निर्णय घ्यायचा नाही, प्रश्न नुसता सैल सोडायचा.

गेल्या वर्षी मला बंगळुरूची ऑफर होती. पहिले दोन दिवस चालताना डोक्यात फक्त पगार आणि घरभाडं. तिसऱ्या दिवशी एक्सेल शीटमध्ये कुठेच नसलेला प्रश्न वर आला: आईला दर महिन्याला डॉक्टरकडे कोण नेणार? उत्तर चालताना नाही मिळालं. ते घरी आईशी बोलून, चहा घेत ठरलं. (मी अजून पुण्यातच आहे. आईचं मत मात्र 'जा' असंच होतं!)

करायचं काय? जाताना खुशाल ऐका. परत फिरलात की इअरफोन खिशात आणि फोन सायलेंटवर. पहिली दहा मिनिटं डोक्यात ऑफिसची स्टँडअप मीटिंगच चालू राहते, राहू द्या. काही सुचलंच तर थांबून एका वाक्याची व्हॉइस नोट करा, व्हॉट्सअ‍ॅप उघडू नका. उघडलंत की संपलं. आणि रस्ता ओलांडताना चिंतन बंद, आपल्याकडे हॉर्न ऐकू येणं गरजेचं आहे.

आत्ता चालत असाल आणि घर दहा मिनिटांवर असेल, तर पुढचा एपिसोड लावू नका.